परकारचाचांचा शेरा

परकारचाचा उभ्याने पाणी चाखत नसत. विहिरीतून वर काढलेली बादली ते आधी सावलीत ठेवायचे, मग तिच्याशेजारी उकिडवे बसायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि ओंजळीतलं घोटभर पाणी तोंडात धरून डोळे मिटायचे. त्या वेळी कुणी बोललं तर हात वर करून थांबवायचे. मग डाव्या अंगाला थुंकायचं, ओठ पुसायचे, अंमळ वाट पाहायची आणि निकाल द्यायचा. गोड, मचूळ, खारवट, खारट. यापलीकडे पाचवा शब्द सहसा नसायचा. एवढं झाल्यावरच ते बाटली भरायचे, तिच्यावर चिठ्ठी लावायचे आणि बर्फाच्या पेटीत ठेवायचे. ती पेटी दुपारी माझ्या टेबलावर यायची.

दोह्यातल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. माहेर गुजरातच्या सीमेवरचं नवापूर, सासर नाशिक आणि नवऱ्याच्या नोकरीपायी पत्ता कतार. चाचा त्याच कंपनीत सॅम्पलर होते, म्हणजे गाडी घेऊन गावोगावच्या विहिरींचं पाणी आणणारा माणूस. माझं मशीन ज्या पाण्याचा आकडा संध्याकाळी द्यायचं, त्याचा निकाल चाचांनी सकाळीच वहीत लिहून ठेवलेला असायचा. पहिल्या वर्षी मी दोन्ही ताडून पाहत होते. मग सोडून दिलं. रोज हरायची हौस कुणाला असते?

ते मूळचे रायगडचे, खाडीकाठच्या एका गावातले. साठीला आलेले, काटकुळे, दाढीला मेंदी. आपली ओळख ते एका दमात करून द्यायचे, "शाळा मराठी, नमाज अरबी, शिव्या हिंदी." इंग्रजीचं नाव काढलं नाही, कारण इंग्रजी त्यांना सहीपुरतीच येत होती. त्यामुळे वही मराठीत. वहीत तारीख, विहिरीचा नंबर, पाण्याची खोली आणि शेवटी 'शेरा' असे रकाने त्यांनी स्वतः पट्टीने आखलेले होते. अक्षर मात्र असं की शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला द्यावा. ती वही वाचून इंग्रजीत उतरवून घेणं हे माझं काम, कारण ऑफिसात मराठी वाचणारे आम्ही दोघंच, मी आणि आमचे मॅनेजर सबनीस सर. आणि सर वही कशाला उघडतात?

मला त्यांनी पहिल्या आठवड्यात मॅडम म्हटलं. मी डब्यातलं भरीत त्यांच्यापुढे सरकवलं त्या दिवसापासून मी 'बाय' झाले. आमच्या दोघांच्या मराठीची मात्र ओळख पटायला वेळ लागला. ते "वाईच थांब" म्हणाले की मला वाटायचं, काहीतरी वाईट झालं. मी एकदा भाकरीबरोबर ठेचा दिला तर म्हणाले, "ह्ये तुमच्यात दुश्मनाला देतात की पाव्हन्याला?" शब्द कळला नाही की मी विचारायचे, ते सांगायचे आणि वर माझ्या मास्तरांना नावं ठेवायचे. नेहमी विचारायचे मी. एकदाच विचारलं नाही, आणि त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

ऑफिसचे सेफ्टी ऑफिसर होते थॉमस, केरळचे, अतिशय सज्जन आणि अतिशय भित्रे. सॅम्पलर पाणी पितो हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी चाचांना बसवून एक कागद वाचून दाखवला आणि खाली सही घेतली, की मी सॅम्पलचं पाणी पिणार नाही. चाचांनी आनंदाने सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळ.

"अहो चाचा, काल सही केलीत ना?"

"लिवलंय काय? पिनार नाय. मी कुठं पितो? चाखतो."

पण या माणसाचेही नियम होते. सांडपाणी शुद्ध करून झाडांना देतात त्या पाण्याला ते कधी तोंड लावत नसत. फक्त वास घ्यायचे आणि तोही अदबीने. "त्ये लोकांच्या मोरीतनं येतंय, बाय. झाडाला चालतं. मानसानं त्येला सलाम करावा आनि फुडं जावं."

वर्ल्ड कप अजून चार-पाच वर्षं लांब होता, पण कतारमध्ये तो रोजच होता. रस्ता बंद असला तर वर्ल्ड कपमुळे, नवा रस्ता झाला तर वर्ल्ड कपसाठी. सगळं हिरवं करायची घाई होती. अशात आमच्याकडे एक काम आलं. उत्तरेला, मदिनत अश शमालच्या अलीकडे, एका कंपनीने माळावर विलोची लागवड केली होती. विलो हे थंड मुलखातलं झाड. त्याच्या कांड्या रोवायच्या, दोन-तीन वर्षांत माणसाच्या दुप्पट उंच होतात, बुंध्याशी कापायच्या, भुगा करून जाळायचा आणि वीज करायची. बुंधा पुन्हा फुटतो, पुन्हा कापायचा. जळताना जेवढा धूर सोडतं तेवढा वाढताना पिऊन टाकतं, म्हणून हिरवी ऊर्जा. पाणी द्यायचं ते शुद्ध केलेलं सांडपाणी, म्हणजे तेही वाया जात नाही. कागदावर सगळं इतकं छान होतं की मीसुद्धा घरी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. आमचं काम एवढंच, की प्लॉटमधल्या चार विहिरींचं पाणी दर आठवड्याला तपासायचं आणि दर तीन महिन्यांनी रिपोर्ट द्यायचा.

सबनीस सर पुण्याचे, मराठीचे अभिमानी. त्यांनी शब्दकोश पाहिला आणि जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, "विलोला आपल्याकडे शब्द आहे. वाळुंज. बघा, नावातच वाळू आहे. वाळवंटात येणार नाही तर कुठे येणार?"

सगळे हसले. चाचांनी मला हळूच विचारलं, "ह्ये वाळुंज तुमच्या देशावर कुठं असतं गो?"

"नदीकाठी. ओढ्यात. पात्रातच उभं असतं."

"म्हंजे पाय पान्यात असल्याबिगर उभं ऱ्हात नाय." त्यांनी घास चावून संपवला. "आनि आपन त्येला कतारला आनलंय."

पण ते काही झाडाचे वैरी नव्हते, हे सांगायला हवं. पहिल्या वर्षी तर तो प्लॉट त्यांना फार आवडायचा. पिवळ्या माळावर अचानक हिरव्या रांगा, खाली सावली, आणि कुठून कुठून आलेले पक्षी. एकदा माझ्यासाठी त्यांनी पानांची एक डहाळी आणली होती, चिठ्ठी लावून, बर्फाच्या पेटीत घालून. मोरीचं पाणी पिऊन झाड एवढं देखणं होतं, तर माणसाने काय घोडं मारलंय, असं म्हणाले. मी ती डहाळी बाटलीत ठेवली. तिने एका दिवसात बाटली निम्मी केली.

दुसऱ्या वर्षी एके दिवशी त्यांनी बर्फाच्या पेटीबरोबर एक काळी पिशवी आणली आणि माझ्या टेबलावर ओतली. आत ओला, तपकिरी, केसांसारखा गुंतवळ होता. हातभर नाही, चांगला दोन माणसांएवढा लांब, आणि नळाच्या आकाराचा गोल. प्लॉटमधल्या मुख्य पाइपात पाण्याचा दाब कमी झाला होता, म्हणून खणलं, तर सांध्यातल्या फटीतून विलोची मुळं आत शिरून पाइपभर वाढली होती. माणसांनी ओढून काढली.

"बायकांच्या येनीवानी हाय बघ," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "पान्याचा वास आला की ह्ये कुठंपन जातंय. एवढीशी फट होती. नख जानार नाय."

मला ते टेबलावर बघवेना. मी पिशवीत भरून बाहेर टाकायला लावलं, आणि नंतर दोन दिवस टेबल पुसत होते.

त्यानंतर त्यांचं बोलणं बदललं. रांगांच्या मधल्या मातीवर पांढरं फुटायला लागलंय, म्हणायचे. ते मीठ होतं. झाड पाणी पितं, मीठ पीत नाही, ते मागे राहतं. मी रिपोर्टात लिहिलं. रिपोर्टात अशा गोष्टींसाठी एक वाक्य असतं, 'निरीक्षण चालू ठेवावे', ते मी टाकलं. चाचांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "निरीक्षन म्हंजे बघत बसायचं ना? त्ये मी करतोच हाय."

आणि मग त्या उन्हाळ्याच्या तोंडावर शुद्ध केलेलं पाणी तोडलं. स्टेडियमभोवतीची हिरवळ, विमानतळाच्या रस्त्याकडेची फुलं, या सगळ्याला पाणी हवं होतं आणि पाहुणे आधी तिथे येणार होते. विलोच्या कंपनीला सांगितलं की पाइपलाइन थोडे दिवस बंद, तोवर तुमच्या तुम्ही बघा. त्यांनी प्लॉटमधल्या विहिरींवर पंप बसवले. थोडे दिवस म्हणजे किती, हे कुणी बोललं नाही.

उत्तर कतारमध्ये जमिनीखाली गोडं पाणी आहे, पण ते थोडं आहे, आणि ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. दुधावर साय असते तसं. चाचा मला हे गाडीत बसून समजावत होते, जसं काही मी केमिस्ट नसून त्यांची शेजारीण होते. "वरनं वरनं खाल्लंस तर पुरतं. ह्यांनी पळीच घातलीय खालपतूर." त्यांना खाऱ्या पाण्याचं भय होतं, आणि ते पुस्तकातलं नव्हतं. त्यांच्या वडिलांची भातखाचरं खाडीच्या बांधाआड होती. एका भरतीत खारं पाणी शिरलं आणि सात वर्षं तिथे भाताची काडी उगवली नाही. त्यापायीच सतरा-अठराव्या वर्षी ते घर सोडून आधी बोटीवर आणि मग आखातात आले. हे सांगताना ते पाण्याला शत्रू म्हणायचे नाहीत. "पानी इमानदार असतं. वाट दिली की येतं. वाट कोन देतं त्ये बघायचं," असं म्हणायचे.

विलोच्या कुंपणापलीकडे, समुद्राच्या अंगाला, एक जुनी मजरा होती, म्हणजे शेत. तिचा राखणदार हसन. सुदानचा, उंच, चाचांहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. वीस-बावीस वर्षं तो तिथे एकटा होता. शंभराच्या आसपास खजुराची झाडं, पंचवीस शेळ्या, थोडी मेथी-मुळा, आणि हे सगळं जिच्यावर उभं होतं ती एक विहीर. मालक, ज्याला तिथे सगळे अरबाब म्हणतात, म्हातारा होता आणि दोह्यात राहायचा. ती मजरा हिरवी आहे तोवर हसन तिथे होता. ती वाळली तर अरबाबला तिचं काही काम नव्हतं आणि हसनला परत जायला गावी कुणी उरलं नव्हतं. हे चाचांनी मला अनेकदा सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

चाचांची चार विहिरींची फेरी संपली की ते हसनकडे चहाला जायचे. दोघं अरबी आणि उर्दूची खिचडी बोलायचे. मी एकदा बरोबर गेले होते, तर बराच वेळ दोघं नुसतेच बसले होते, मध्ये किटली. निघताना चाचा म्हणाले, "किती दिवसांनी पोटभर बोललो." हसनची विहीर आमच्या कामात नव्हती. तिची बाटली भरायची नसायची, मशीनला द्यायची नसायची. पण चाचा तिचंही पाणी चाखायचे आणि वहीत समासात एक ओळ टाकायचे, 'हसनची विहीर', पुढे निकाल. दोन वर्षं तो निकाल एकच होता. गोड.

पंप लागल्यावर तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट मी लिहीत होते. गुरुवार होता, रिपोर्ट दुपारी जायचा होता, मुलीच्या शाळेतून दोनदा फोन येऊन गेला होता. आमच्या चारही विहिरींत मीठ वाढलं होतं, थोडं थोडं, पण वाढलं होतं. सबनीस सर माझ्या मागे उभे राहून म्हणाले, "कुंपणाबाहेर काही परिणाम आहे का, एवढं एक वाक्य हवंय. क्लायंट तेच विचारतोय."

मी चाचांची वही उघडली. समासात लिहिलं होतं, 'हसनची विहीर – खांड.'

आमच्या नवापूरकडे खांड म्हणजे साखर. गुजरातीतून आलेला रोजच्या तोंडातला शब्द. चहात खांड घाल, डब्यातली खांड संपली. मला हसू आलं. चाचा आज खुशीत दिसतात, नुसतं गोड न म्हणता साखर म्हणाले. मी टाइप केलं, लगतच्या शेतातल्या विहिरीचं (हसनची विहीर) पाणी गोड असल्याचं प्रत्यक्ष चाखून आढळलं, कुंपणाबाहेर परिणाम नाही. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "वा." फोन करायला मला एक मिनिट लागलं असतं. पण खरं सांगायचं तर मला तेच वाक्य हवं होतं, आणि हवं ते मिळाल्यावर माणूस विचारायला जात नाही.

महिन्याभराने चाचा माझ्या टेबलाशी बसून चिठ्ठ्या लिहीत होते. रिपोर्ट तिथेच पडला होता. इंग्रजी येत नसली तरी अक्षरं जुळवून त्यांना सोपी नावं लागायची. पानावर बोट फिरवत ते थांबले.

"ह्ये हसनचं नाव हाय ना? फुडं काय लिवलंय?"

"स्वीट. गोड. तुमचाच शेरा आहे, चाचा."

"माजा?"

"तुम्हीच लिहिलंत ना, खांड."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून हसत होते. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट केला, पेनाला टोपण लावलं.

"खांड म्हंजे काय गो, तुमच्यात?"

"साखर."

"आमच्यात," ते हळू म्हणाले, "बांध फुटतो त्येला खांड म्हनतात. खाडीचं पानी बांध फोडून शेतात शिरलं, की खांड पडली. माज्या बापानं त्यो शबुद एकदाच उच्चारला व्हता. मी वहीत लिवला, म्हटलं बायला कळंल. घाईत एकच शबुद लिवला." मग त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला. म्हणाले, "हसनला मी जबान दिलीय. लिवलंय, वर गेलंय, पंप बंद व्हईल. त्यो अरबाबला बोलनार व्हता, मीच नको म्हटलं. म्हटलं, कागदावर गेलंय आता."

ते मला एकही कठोर शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी त्याच दुपारी सबनीस सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला. "एका शब्दासाठी गेलेला रिपोर्ट परत मागवायचा? आणि त्या विहिरीचा आपल्याकडे आकडा कुठे आहे? चाखून सांगितलंय, हे मागे घ्यायचं तरी काय म्हणून? पुढच्या रिपोर्टात दुरुस्त करू. तोवर पाइपलाइनचं पाणी परत येईल." मी आकडा आणते म्हणाले. ते म्हणाले, दुसऱ्याच्या विहिरीतून बाटली भरायची आपल्याला परवानगी नाही. हेही खरंच होतं. तिथे सगळं खरंच असायचं.

चाचा थांबले नाहीत. एका शुक्रवारी नमाजानंतर इस्त्रीचा शर्ट घालून ते अरबाबच्या बैठकीत गेले. तिथे काय झालं हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. म्हाताऱ्याने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं, मुलाला बोलावलं. मुलाने तिथूनच विलोच्या कंपनीला फोन लावला आणि पाच मिनिटांत त्याच्या मोबाइलवर आमचा रिपोर्ट आला. मुलाने वाचून दाखवला. तुमच्याच कंपनीच्या माणसाने पाणी चाखलंय, गोड आहे म्हणतोय.

"मी म्हटलं, त्यो मानूस मीच हाय. त्यो म्हनला, मग खोटं तवा बोललास की आता?"

सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू चल, बाय. तू लिवलंयस, तू सांग. लिवनाऱ्याचं ऐकतील."

मी म्हणाले, "सरांना विचारून बघते." माझा व्हिसा कंपनीचा होता, नवऱ्याची कंपनी आमच्या कंपनीचं काम करत होती, मुलीची दहावी पुढे होती. ही सगळी कारणं खरी होती आणि मी भ्याले हे त्याहून खरं होतं. चाचांनी मान हलवली. म्हणाले, "इन्शाल्ला," आणि पेटी उचलून गेले. मी सरांना विचारलं नाही. जूनच्या अखेरीस शाळा सुटल्या आणि आम्ही दरवर्षीप्रमाणे दोन महिन्यांसाठी नाशिकला गेलो.

नाशिकमध्ये मी रोज ठरवायचे की चाचांना फोन करू. एकदा केला. पलीकडून मोठा घरघराट ऐकू येत होता. मी विचारलं, पंप का? ते म्हणाले, व्हय. पाइपलाइन आली का? नाय. हसन कसा आहे? त्यावर म्हणाले, "शेळ्या पानी पियाला मागं सरतात." मग माझ्या मुलीची चौकशी केली.

सप्टेंबरमध्ये परत आले तेव्हा दुरुस्तीचा रिपोर्ट सरांनी पाठवलेला होता. त्यात माझ्या वाक्याखाली तळटीप होती, की सदर शेरा स्थानिक भाषेतील शब्दाच्या भाषांतरातून आला असून त्याची पडताळणी झालेली नाही. इतकंच. कुणी ती वाचली असेल असं मला वाटत नाही. त्याच आठवड्यात चाचांनी स्वतः मागून बदली घेतली, दक्षिणेला बिरकत अल अवामेरकडे, जिथे कामगारांच्या वस्तीला येणाऱ्या टँकरचं पाणी तपासायचं होतं. तिथे लोक ते पाणी पितात, म्हणाले, तिथे माझा उपयोग आहे. जायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन आला. "हसनकडे चाललोय. येशील?"

त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्या वर्षी नवऱ्याची नोकरी संपली, आम्ही वर्ल्ड कपच्या आधीच परत आलो आणि सामने इथे टीव्हीवर पाहिले.

त्या शुक्रवारी चाचांच्या पिकअपमधून गेलो. लांबून विलोचा प्लॉट दिसला, आणि इतकं हिरवं मी कतारमध्ये कधीच पाहिलं नव्हतं. वारा नव्हता, तरी शेंडे हलत होते असं मला वाटलं. कुंपणाला लागून हसनच्या खजुरांची पहिली रांग होती. त्यांच्या झावळ्या पांढुरक्या तपकिरी होऊन बुंध्यावर पडल्या होत्या. दुसरी रांग तशीच. तिसरीत मध्ये मध्ये हिरवं होतं. शेळ्या नव्हत्या, अरबाबच्या मुलाने त्या आधीच नेल्या होत्या. मेथीच्या वाफ्यात पांढरं मीठ फुटून पापुद्रा धरला होता आणि पायाखाली करकरत होता.

हसनचं तिकीट रविवारचं होतं. त्याने पेटी बांधून दारात ठेवली होती. त्याला जाण्याआधी विहीर झाकायची होती, कारण भटके उंट येतात, पाणी बघून वाकतात, पडतात. त्याने जुने पत्रे आणि खजुराचे ओंडके जमवले होते. मी त्याला सलाम केला आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हणाले की चूक माझी होती, मी लिहिलं होतं. चाचांनी ते अरबीत सांगितलं. बरंच थोडक्यात सांगितलं असावं. हसनने छातीवर हात ठेवला, मला म्हणाला, "माफी मुश्किल, सिस्टर," म्हणजे काही हरकत नाही, आणि मला बसायला उपडी बादली दिली.

दोघांनी ओंडके आडवे टाकले, वर पत्रे रचले. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने माती ओढायची होती. हसन फावड्याने ओढत होता. चाचा खाली बसले आणि हाताने घालू लागले. कबरीवर माती देतात तशी एक मूठ घातली, ओठ हलले. दुसरी घातली. तिसरी घातली, आणि मग उठून दोन्ही हात झटकले. हसनचं फावडं थांबलं. त्यानेही ते बाजूला ठेवलं, वाकून तीन मुठी घातल्या. दोघं माझ्याकडे बघत नव्हते, पण वाट बघत होते.

मला काय करावं कळेना. मी बादलीवरून उठले.

"दे, बाय," चाचा म्हणाले. "तुजीपन व्हती ती."

माती कोरडी होती आणि तिच्यात मिठाचे खडे होते, हाताला टोचत होते. मी तीन मुठी मोजून घातल्या. पलीकडे पंप चालू होता.